किराया आणि अंतर : अमरावती व अकोला येथील परवडणाऱ्या वस्त्यांचा विचार

शहर महाग आहे, असे विधान केले जाते तेव्हा ते बहुधा मुंबई-पुण्याविषयी असते. अमरावती किंवा अकोला यांच्याविषयी कोणी तसे म्हटले तर ऐकणाऱ्यास नवल वाटेल. तथापि महागाई हा शहराचा अंगभूत गुण नव्हे. शहरातील दर आणि तेथे राहू पाहणाऱ्याची मिळकत यांच्यामधील ते एक नाते आहे. दर्यापूर किंवा तेल्हारा तालुक्यात चार-पाच एकर कोरडवाहू कपाशीवर चालणाऱ्या घरातील मुलगा अथवा मुलगी पदव्युत्तर शिक्षणासाठी अमरावतीस येते, तेव्हा त्या घराच्या हिशेबी अमरावती हे महागच शहर असते. बर्लिनचा संख्याशास्त्रज्ञ हेर्मान श्वाबे याने १८६८ साली याच नात्याचा नियम मांडला. मिळकत जितकी लहान, तितका तिच्यातून घरभाड्याकडे जाणारा हिस्सा मोठा, असे त्याला आढळले. एर्न्स्ट एंगेल याने १८५७ साली अन्नखर्चाविषयी जे दाखविले होते, त्याचीच ही भाड्याच्या क्षेत्रातील आवृत्ती होय. भारताच्या २०११ च्या जनगणनेत नागरी कुटुंबांपैकी २७.५ टक्के कुटुंबे भाड्याच्या घरात राहत असल्याची नोंद आहे. शिक्षणापुरते येऊन खोलीत राहणाऱ्या एकट्या विद्यार्थ्याचे चित्र अशा कौटुंबिक आकड्यांत पुरतेपणी उमटत नाही, आणि वऱ्हाडातील शहरांत भाडेकरूंचा हाच वर्ग विशेष लक्षात घेण्यासारखा आहे.

वऱ्हाडात भाड्याला 'किराया' आणि भाडेकरूला 'किरायेदार' म्हणतात. प्रस्तुत लेखात तेच शब्द योजले आहेत.

स्वस्त किरायाची वस्ती कोठे सापडावी, याविषयी नागरी अर्थशास्त्रात दोन उत्तरे प्रसिद्ध आहेत आणि ती वरवर पाहता परस्परविरोधी आहेत. विल्यम अलोन्सो याने १९६४ साली मांडलेल्या उपपत्तीप्रमाणे शहराच्या केंद्रापासून जसजसे दूर जावे तसतसा जागेचा दर उतरत जातो. केंद्राजवळ राहणारा मनुष्य प्रवासात जे वाचवितो, ते तो किरायाच्या रूपाने जागेच्या मालकास देऊन टाकतो. या न्यायाने कडेच्या वस्त्या स्वस्त असावयास हव्यात. उलट अर्नेस्ट बर्जेस याने १९२५ साली शिकागो शहराचे जे वर्तुळाकार चित्र रेखाटले, त्यात गरीब माणसाची वस्ती केंद्राला अगदी लागून असलेल्या जुन्या, पडझडीस आलेल्या पट्ट्यात दिसते. वऱ्हाडातील शहरांपुरते बोलावयाचे तर दोन्ही उत्तरे खरी आहेत. स्वस्त जागा अगदी आत आहे आणि अगदी बाहेरही आहे. महाग आहे तो मधला भाग. या दोन स्वस्तायांची कारणे मात्र भिन्न आहेत, आणि खोली शोधणाऱ्याच्या दृष्टीने सारे महत्त्व त्या कारणांना आहे. कोणतीही जागा स्वस्त होते ती तिच्यातील एखाद्या उणिवेमुळे. ती उणीव नेमकी कोणती आणि तिची झळ प्रत्यक्ष राहणाऱ्यास लागते की नाही, हे पाहिल्यावाचून किरायाच्या आकड्यावरून काहीच ठरविता येत नाही.

अमरावतीत आतला पट्टा डोळ्यांनी दिसतो, कारण त्याला दगडाची सीमा आहे. पेंढाऱ्यांपासून येथील सधन व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या सरकारने १८०७ साली परकोटाचे काम सुरू केले. सुमारे सव्वादोन मैल घेराचा आणि वीस ते सव्वीस फूट उंचीचा हा कोट. त्याला पाच दरवाजे आणि चार खिडक्या. जवाहर गेट, अंबा गेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट ही नावे पत्त्यांतून आणि ऑटोवाल्यांच्या तोंडून आजही ऐकू येतात. कोटाच्या आतील घरे कापूस आणि धान्य यांच्या व्यापाऱ्यांनी आपल्या सोयीने बांधली. गल्ल्या माणसाच्या आणि बैलगाडीच्या मापाच्या, घरे एकमेकांना खेटून. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले, १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली, आणि मुख्य मार्गावरील स्थानक शहरात न येता दहा किलोमीटरवर बडनेऱ्यास झाले. पुढे फाटा आला, पण तोही कोटाच्या बाहेरच थांबला. साहेबांची वस्ती कॅम्पात झाली. कचेऱ्या आणि महाविद्यालयेही कोटाबाहेरच उभी राहिली. कालांतराने शहराचा भार राजकमल चौक, इर्विन चौक, पंचवटी चौक या रेषेवर सरकला. कोटाच्या आतील घराण्यांच्या पुढल्या पिढ्याही नव्या वसाहतींत राहावयास गेल्या आणि मागे राहिलेल्या वाड्यांच्या खोल्या पडल्या. उजेड कमी, संडास व नळ सामाईक, आणि दारापर्यंत मोटार जात नाही. यांपैकी शेवटच्या उणिवेमुळे मध्यमवर्गीय कुटुंब या खोल्यांकडे वळत नाही, आणि किराया खाली राहण्याचे तेच प्रमुख कारण मानावे लागेल. पण ज्याच्याजवळ सायकलच आहे त्याला मोटार दारात येत नाही याचे काय दुःख असणार? दुसऱ्या कोणाला नडणाऱ्या उणिवेचा लाभ त्याला मिळतो. उजेड आणि संडास यांची गोष्ट निराळी आहे. ती उणीव त्यालाही भोगावी लागते. म्हणून अशी खोली पाहावयास जाणाऱ्याने भर दुपारी जाऊन दिवा न लावता पुस्तक वाचता येते की नाही, ते पाहावे.

कॅम्पाच्या आसपासच्या जुन्या श्रमिक वस्त्यांची स्वस्ताई आणखी वेगळ्या जातीची आहे. चपराशीपुरा हे नावच ती वस्ती कोणाची, ते सांगते. फ्रेजरपुरा, बेलपुरा, मसानगंज या वस्त्यांत घरे लहान आहेत, परंतु पायी जाण्याच्या अंतरावर बाजार आणि कामाची ठिकाणे आहेत. येथे किराया खाली राहतो तो पुष्कळ अंशी वस्तीच्या नावामुळे. सुशिक्षित भाडेकरू त्या पत्त्यावर राहावयास तयार नसतो आणि त्याच्या या नाखुषीची किंमत खोलीच्या दरातून वजा होते. उलट गाडगेनगर, शेगाव नाका, कठोरा नाका या बाजूस शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि तंत्रनिकेतन असल्यामुळे विद्यार्थ्यांची मागणी एकवटलेली असते, आणि खोली साधी असूनही किराया चढा असतो. १ मे १९८३ रोजी स्थापन झालेले विद्यापीठ शहराच्या पूर्वेकडील टोकास, तपोवनाच्या अंगास आहे. तेथून पुढे पोहऱ्याचे डोंगर आणि जंगल लागत असल्याने त्या दिशेस शहर फारसे पसरू शकत नाही. परिणामी विद्यापीठात शिकणाऱ्याला विद्यापीठाच्या पलीकडे स्वस्त वस्ती मिळत नाही. ती त्याला मागे, शहराकडे वळून शोधावी लागते. अलोन्सोच्या उपपत्तीत एकच केंद्र गृहीत धरले आहे. अमरावतीत विद्यार्थ्याचे केंद्र आणि व्यापाऱ्याचे केंद्र एक नाही, हे ध्यानी घेतले नाही तर ती उपपत्ती फसवी ठरते.

बाहेरच्या वस्त्यांना या भागात सरसकट 'ले-आउट' म्हणतात. शेत अकृषिक करून, कित्येकदा न करताही, त्याचे भूखंड पाडले जातात. अशा न करता पाडलेल्या भूखंडांच्या नियमितीकरणासाठीच महाराष्ट्राला २००१ साली गुंठेवारीचा कायदा करावा लागला. घर उभे राहते, पण रस्ता, नाली आणि नळ मागून येतात. वऱ्हाडची काळी जमीन कपाशीला जितकी मानवते, तितकी घराला आणि रस्त्याला मानवत नाही. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भिंतींना तडे जातात, आणि मुरूम न पडलेल्या रस्त्यावर जुलै-ऑगस्टमध्ये सायकलचे चाक फिरत नाही. एप्रिलमध्ये पाहून पसंत केलेली ले-आउटमधील खोली पावसाळ्यात अर्धा किलोमीटर दूर जाते, असे म्हणावयास हरकत नाही, कारण तितके अंतर पादत्राणे हातात घेऊन चालावे लागते.

अंतराचा हिशेब पुष्कळदा अपुरा केला जातो, म्हणून तो एका कल्पित उदाहरणाने मांडणे बरे. समजा, महाविद्यालयाजवळील एका खोलीचा किराया दरमहा ३,००० रुपये आणि सहा किलोमीटरवरील तशाच खोलीचा २,००० रुपये आहे. ऑटोत एका खेपेस २० रुपये पडतात आणि महिन्यातून २५ दिवस जावे-यावे लागते. प्रवासाचा खर्च १,००० रुपये झाला. म्हणजे दोन्ही खोल्या पैशाच्या दृष्टीने सारख्याच ठरल्या आणि दूरच्या खोलीच्या नावे रोजचा एखादा तास वाया गेला तो वेगळाच. आता दोघे मिळून खोली घेतात असे धरू. जवळच्या खोलीत प्रत्येकास १,५०० रुपये पडतात. दूरच्या खोलीत किराया १,००० रुपयांवर येतो, परंतु ऑटोचे १,००० रुपये दोघांत वाटले जात नाहीत. ते प्रत्येकास वेगळे द्यावे लागतात. एकूण २,००० रुपये. किराया विभागता येतो आणि प्रवासखर्च विभागता येत नाही. या साध्या भेदामुळे भागीदारीने राहणाऱ्यांना जवळची महाग खोलीच स्वस्त पडते, आणि तीन-चार जण असतील तर हे अंतर आणखी वाढते. दूरची खोली परवडते ती एकट्याला किंवा सायकलवर जाणाऱ्याला. विद्यार्थिनीच्या बाबतीत रुपयांच्या हिशेबात न बसणारी आणखी एक बाब आहे. अभ्यासिका रात्री बंद होते, त्या वेळी परतीचा रस्ता उजेडाचा आणि वर्दळीचा आहे काय? तो तसा नसेल तर संध्याकाळचे अभ्यासाचे दोन-तीन तास ती गमावते, आणि स्वस्त खोलीची ती किंमत घरमालकाच्या पावतीवर कधीच लिहिली जात नाही.

अमरावतीहून सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या अकोल्यात चित्र बदलते, ते मुख्यतः पाण्यामुळे. मोर्णा नदीने शहराचे दोन भाग केले आहेत. पश्चिम तीरावर असदगड आणि जुने शहर, पूर्व तीरावर ताजनापेठ आणि तिच्या भोवती वाढलेले नवे शहर. रेल्वे येथे थेट शहरात आली, तिच्यामागून कापसाचे कारखाने आणि सावतराम गिरणी आली, व गिरणीच्या आधाराने कामगारांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. गिरणी बंद पडली, वस्त्या मात्र राहिल्या. पुढे १९६९ साली कृषि विद्यापीठ स्थापन झाले आणि २००२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अलीकडच्या काळात खासगी शिकवणी वर्गांमुळेही आसपासच्या जिल्ह्यांतून मुले येऊ लागली. शिकवणी वर्गांच्या परिसरात खोलीऐवजी खाट किरायाने देण्याची पद्धत रुळली आहे. ती 'कॉट बेसिस' या नावाने ओळखली जाते. खाटेचा दर ऐकावयास लहान वाटतो; एका खोलीतील सर्व खाटांची बेरीज केली म्हणजे त्या खोलीचा खरा किराया कळतो आणि मग अशी बेरीज आधी का केली नाही, असे वाटू लागते.

अकोल्यात खोली पाहताना किरायाच्याही आधी विचारावयाचा प्रश्न, नळ किती दिवसांनी येतो, हा होय. शहराचे पाणी महान येथील काटेपूर्णा धरणातून येते आणि अवर्षणाच्या वर्षी दोन पाळ्यांतील अंतर वाढत जाते. त्यात पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला असून अनेक ठिकाणी भूगर्भातील पाणी पिण्याच्या उपयोगाचे नाही. घरमालक 'बोअर आहे' असे सांगतो तेव्हा ते खरेच असते. पण ते पाणी एक घोट चाखून पाहिल्याशिवाय त्या विधानाची किंमत कळत नाही. पाणी साठविण्यास टाकी नसलेली स्वस्त खोली आठवड्यातून दोन पिण्याच्या पाण्याचे डबे विकत घ्यावयास लावते, आणि तो खर्च किरायातच धरावयास हवा. २०१६ साली महानगरपालिकेची हद्द वाढून मलकापूर, खडकी, उमरी, शिवणी यांसारखी भोवतालची गावे शहरात आली. त्या भागात किराया हलका असतो; नळ आणि नाली यांची चौकशी मात्र घरोघर वेगळी करावी लागते. नदीकाठच्या वस्त्यांची उणीव वर्षातून एखाद्याच दिवशी प्रकट होते. जुलै २०२१ च्या पुरात मोर्णेचे पाणी काठच्या घरांत शिरले. अशा ठिकाणी भिंतीवरील ओलीची रेघ किती उंच आहे, हे नजरेने मोजून घ्यावे, आणि वह्या-पुस्तकांची फळी तिच्या वर लावता येईल की नाही तेही पाहावे.

उष्णतेचा उल्लेख केल्यावाचून वऱ्हाडातील किरायाचा विचार पुरा होत नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा अनेकदा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. परीक्षाही उन्हाळ्यातच येतात. गच्चीवरील टिनाची खोली सर्वांत स्वस्त असते, ती याच कारणाने. कूलर लावला तर वीज वाढते, शिवाय तो पाणीही मागतो. विजेचे स्वतंत्र मीटर नसून मालक सब-मीटरवरून स्वतः ठरविलेल्या दराने पैसे घेत असेल, तर दोन महिन्यांत टिनाची स्वस्ताई संपते. त्या मानाने जुन्या वाड्यातील जाड मातीच्या भिंतींची अंधारी खोली उन्हाळ्यात सुसह्य असते. कोटाच्या आतील वस्तीच्या बाजूने हा एक मुद्दा नोंदविला पाहिजे.

आतापर्यंतचा विचार किती द्यावे लागते याचा झाला. केव्हा द्यावे लागते, हा प्रश्न शेतकरी घरांच्या दृष्टीने तितकाच जिव्हाळ्याचा आहे. महाविद्यालये जून-जुलैमध्ये उघडतात. त्याच वेळी घरातील रोकड बी-बियाणे आणि खते यांत गेलेली असते. कपाशीचा पैसा दिवाळीच्या आगेमागे हाती येऊ लागतो. अनामत रक्कम मात्र पहिल्याच दिवशी द्यावी लागते. तीन महिन्यांच्या किरायाइतकी अनामत मागणारी हलक्या दराची खोली अशा घराला अनामत न मागणाऱ्या किंचित महाग खोलीपेक्षा अधिक जड जाते; तेवढ्यासाठी सावकाराकडे जावे लागले तर व्याज हाही किरायाच होय. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ च्या शैक्षणिक वर्षापासून स्वाधार योजना सुरू झाली. तिच्या मूळ दरांप्रमाणे विभागीय मुख्यालयाच्या शहरासाठी वर्षाला ५१,००० रुपये ठरले, आणि त्यांपैकी निवासासाठी १५,००० रुपये. म्हणजे बारा महिन्यांच्या हिशेबाने दरमहा १,२५० रुपये. किरायाने खोली घेण्यास किती लागावे, याविषयीचा शासनाचा अंदाज या आकड्यातून प्रकट होतो. तो भागीदारीतील खोलीला लागू पडू शकेल. एकट्याच्या खोलीला लागू पडेल असे वाटत नाही. शिवाय भत्ता मागाहून येतो आणि अनामत आधी द्यावी लागते.

येथवर ज्या उणिवांचा विचार झाला त्या सर्व जागेच्या होत्या. एक उणीव मात्र अशी आहे की, ती जागेत नसून घरमालकाच्या मनात असते, आणि तिचा दंड किरायेदारास भरावा लागतो. दार उघडल्यावर पहिला प्रश्न पुष्कळदा आडनावाचा असतो. उत्तर ऐकून 'खोली कालच गेली' असे सांगितले जाते. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठातून शिकून बडोद्यास नोकरीवर रुजू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्या शहरात राहण्यास जागा मिळाली नाही आणि पारशी खाणावळीतूनही बाहेर पडावे लागले, ही हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. वऱ्हाडात या प्रश्नावरील एक उत्तर वसतिगृहांनी दिले. डॉ. पंजाबराव देशमुख यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढले आणि निरनिराळ्या जातींच्या मुलांना एका छताखाली आणले. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर ज्या किरायेदारास निम्मी दारे बंद असतात त्याच्यासाठी शहरातील खोल्यांचा पुरवठाच निम्मा असतो. साहजिकच उरलेल्या खोल्यांसाठी त्याला अधिक मोजावे लागते, किंवा अधिक दूर जावे लागते. एकाच शहरात एकाच दर्जाच्या खोलीचे दोन किराये असू शकतात, आणि कोणत्याही दरपत्रकात हा भेद दिसत नाही.

कायद्याविषयी थोडक्यात. पश्चिम महाराष्ट्रास मुंबईचा १९४७ चा भाडे कायदा लागू होता, तर वऱ्हाडात मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश चालू होता. त्यानुसार किरायेदारास जागा सोडण्याची नोटीस देण्यापूर्वी मालकास भाडे नियंत्रकाची परवानगी काढावी लागे. ३१ मार्च २००० पासून १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम राज्यभर आला. जुन्या आदेशाने बसलेल्या किरायेदाराचे रक्षण केले. पण खोली एकदा दिली की परत मिळत नाही, ही धास्ती मालकांच्या मनात ठसली आणि कोटाच्या आतील कित्येक खोल्या कुलपात राहिल्या. नव्या अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. करार अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. नोंदणी नसेल तर अटींविषयी किरायेदाराचे म्हणणे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. किरायाची लेखी पावती मागण्याचा त्याला हक्क आहे, आणि भांडण झाले म्हणून वीज-पाणी तोडण्यास मालकाला मनाई आहे. मात्र 'पेइंग गेस्ट' म्हणून राहणारा या अधिनियमातील परवानाधारकाच्या व्याख्येत बसत नाही. खाटेवर राहणाऱ्याने हे ओळखून असावे. प्रत्यक्षात एवढ्या लहान रकमेसाठी नोंदणीच्या खटाटोपात कोणी पडत नाही. तोंडी बोलणी होतात आणि शब्दावर चालतात. अशा वेळी किराया बँकेमार्फत किंवा मोबाईलवरून देणे एवढा एक पुरावा तरी मागे राहतो.

खोली प्रत्यक्ष शोधण्याचा काळ जुलै हा नव्हे. परीक्षा संपून जुने विद्यार्थी गावी परततात तो मे महिना मागणीचा मंद काळ असतो. त्या वेळी मालकही दोन पावले खाली येतो. माहितीचा सर्वांत विश्वसनीय झरा म्हणजे खोली सोडून जाणारा किरायेदार. दलालाला खोली द्यावयाची असते आणि मालकाला भरावयाची असते. जाणाऱ्यालाच फक्त नळाचा वार, सब-मीटरचा दर आणि मालकाचा स्वभाव सांगण्यात काही गमवावयाचे नसते. त्याच्या खालोखाल मेस चालविणाऱ्या बाई आणि कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार. गल्लीत कोणती खोली कधी रिकामी होणार, हे दारावर पाटी लागण्याच्या आधी त्यांना कळते.

गोखले अर्थशास्त्र संस्थेने डॉ. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी केली आणि तिचे दोन भाग १९४५ व १९५२ साली प्रसिद्ध झाले. अमरावतीच्या परकोटातील एका प्रभागापुरती जरी तशी घरोघर पाहणी हाती घेतली, तरी पदव्युत्तर वर्गाला एका सत्राचे काम पुरेल. प्रश्नावलीत किराया, अनामत, नळाचे दिवस आणि महाविद्यालयापर्यंतची मिनिटे हे रकाने तर असावेतच. शिवाय कुलूपबंद खोल्या किती आणि त्या कोणत्या सालापासून बंद आहेत, तसेच सध्याची खोली मिळण्यापूर्वी किती दारांवरून परत यावे लागले, हे दोन रकाने विसरू नयेत.